पाच प्रियस आणि बदलती फूटपट्टी

आपल्याकडे कोणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आधी पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" गाडीवालाही एकच आकडा सांगून मोकळा होतो, "वीस." मग ते वीस गावातले की हायवेचे, एसी लावून की काचा खाली करून, कंपनीच्या पत्रकातले की स्वतः दोन वेळा टाकी फुल करून काढलेले, हे कोणी विचारत नाही. आकडा मिळाला, विषय संपला.

या एका आकड्याचं पुढे काय काय होऊ शकतं याचा सगळ्यात मजेदार इतिहास टोयोटाच्या प्रियसच्या नावावर आहे. पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर जोडीने चालवणारी, मोठ्या संख्येने बनवलेली ही जगातली पहिली हायब्रिड कार. गाडीच जन्माला आली ती मुळी ॲव्हरेजसाठी. तेव्हा तिच्या पाच पिढ्यांचे आकडे ओळीने मांडले की प्रगती स्वच्छ दिसायला हवी, नाही का?

तर मांडून बघू. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात पहिली प्रियस विकायला आली. अधिकृत ॲव्हरेज लिटरला २८ किमी. जानेवारी २०२३ मध्ये तिथेच पाचव्या पिढीची प्रियस विकायला आली. तिच्या दोन लिटर इंजिनवाल्या, टू-व्हील ड्राइव्ह मॉडेलचं अधिकृत ॲव्हरेज २८.६ किमी.

पंचवीस वर्षं, पाच पिढ्या, कित्येक इंजिनियरांची उमेदीची वर्षं, आणि हाती काय आलं? ०.६ किमी?

अर्थातच असं काही झालेलं नाही. पण मग नक्की काय झालं, हे शोधत बसलो आणि एक अख्खा शनिवार गेला. त्याचाच हा वृत्तांत.

सुरुवातीपासून सुरुवात करू. सप्टेंबर १९९३ मध्ये टोयोटाने 'जी-२१' नावाचा प्रकल्प सुरू केला. एकविसाव्या शतकासाठी गाडी, एवढीच मूळ कल्पना. प्रमुख म्हणून नेमले गेले ताकेशी उचियामादा. सुरुवातीचं उद्दिष्ट होतं त्या काळच्या तशाच गाडीच्या दीडपट ॲव्हरेज. चांगलं इंजिन आणि चांगला गिअरबॉक्स घातला तर जमण्यासारखं. मग १९९४ मध्ये वरिष्ठ उपाध्यक्ष अकिहिरो वादा यांनी सांगितलं की दीडपट नको, दुप्पट पाहिजे. (नावच वादा, काय करणार :-) ) दुप्पट म्हटल्यावर नुसतं इंजिन सुधारून भागणार नव्हतं. हायब्रिडशिवाय दुसरा रस्ता उरला नाही. १९९५ च्या शेवटी पहिला नमुना तयार झाला तो ४९ दिवस जागचा हललाच नाही. हलला तेव्हा ५०० मीटर गेला आणि थांबला. त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी, १० डिसेंबर १९९७ ला, गाडी बाजारात आली. क्योटोमध्ये हवामान परिषद चालू होती तेच दिवस.

आता ते २८ कुठून आले ते बघा. जपानात तेव्हा ॲव्हरेज मोजायची पद्धत होती तिला '१०-१५ मोड' म्हणत. गाडी रोलरवर चढवायची आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. साधारण ११ मिनिटांचा आणि चार किलोमीटरच्या थोडा वर असा हा सगळा खेळ. सरासरी वेग ताशी २२.७ किमी, कमाल वेग ७०. इंजिन आधीच गरम केलेलं, एसी बंद. टोकियोच्या गर्दीत सावकाश जाणाऱ्या शहाण्या माणसाचं चित्र म्हणा हवं तर. आणि सावकाश चालणं, वारंवार थांबणं हेच हायब्रिडचं माहेर. थांबली की इंजिन बंद, ब्रेक मारला की वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत, हळू निघायचं तर मोटरवर. म्हणजे परीक्षेचा पेपरच या विद्यार्थ्याच्या आवडत्या धड्यावर आलेला.

यात फसवणूक नाही, हे लक्षात घ्या. परीक्षा आधीपासून होती, गाडी नंतर आली. पण आपण सॉफ्टवेअरवाले जाणतोच. बेंचमार्क समोर दिसत असला की कोड हळूहळू त्याच दिशेला झुकतो. कोणी मुद्दाम करत नाही, तरी होतं.

२००० मध्ये प्रियस अमेरिकेत गेली. तिथल्यासाठी इंजिनची ताकद वाढवली, बॅटरी नव्या घडणीची दिली. तिथे मोजणी करते ईपीए, म्हणजे सरकारची पर्यावरण संस्था. त्यांचा आकडा आला गावात गॅलनला ५२ मैल, हायवेला ४५, एकत्र ४८. आपल्या भाषेत ४८ म्हणजे लिटरला २०.४ किमी. नवा देश, नवी फूटपट्टी, आणि २८ चे २०.४.

मग २००३ च्या शेवटी आली दुसरी पिढी. लांबट, मागून तिरकी कापलेली, लगेच ओळखू येणारी. आपल्या डोक्यात प्रियस म्हटलं की जे चित्र येतं ते हिचं. ईपीएचा आकडा गावात ६०, हायवेला ५१, एकत्र ५५. म्हणजे लिटरला २३.४ किमी. हॉलिवूडचे नट-नट्या त्यातून फिरायला लागले, पेट्रोल महागत होतं, गाडीसाठी महिनोन्महिने थांबायची तयारी लोक दाखवत होते.

आणि मग लोकांनी वही-पेन्सिल काढली. बहुतेकांना काही ५५ मिळेना. कोणाला ४८, कोणाला ४४, बर्फाच्या दिवसांत त्याहून कमी. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' हे अमेरिकन ग्राहकांचं जुनं मासिक आहे. जाहिराती घेत नाही, गाड्या दुकानातून स्वतः विकत घेतं, आणि पेट्रोलच्या नळीत मीटर बसवून स्वतःच्या ट्रॅकवर आणि खऱ्या रस्त्यावर मोजतं. त्यांना दुसऱ्या पिढीत मिळाले एकूण ४४, म्हणजे लिटरला १८.७ किमी. गावातल्या मोजणीत तर ६० च्या जागी ३५. झालं! "हायब्रिड म्हणजे नुसती हवा" असं म्हणणाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत सापडलं.

चूक कोणाची? ईपीएची पद्धत तीन दशकं जुनी होती. हायवेच्या चाचणीत कमाल वेग ताशी ६० मैल आणि सरासरी ४८. देशभर ५५ मैलांची वेगमर्यादा होती तोवर हे ठीक होतं, पण ती मर्यादा १९९५ मध्ये उठली आणि लोक ७०-७५ ने जायला लागले. गावाच्या चाचणीत वेग वाढवायचा तो अगदी हळुवार. तापमान सुखाचं, एसी बंद. आकडे फार गोड येतात हे ईपीएलाही ठाऊक होतं. म्हणून १९८५ पासून प्रयोगशाळेत आलेला गावचा आकडा सरसकट १० टक्क्यांनी आणि हायवेचा २२ टक्क्यांनी कमी करून स्टिकरवर छापत. साध्या गाड्यांना हे कापणं साधारण पुरत होतं. हायब्रिडला पुरलं नाही.

का पुरलं नाही, त्याची कारणं गाडीच्या पोटात आहेत. थंडीत इंजिन आणि धुरांड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम होईपर्यंत इंजिन चालूच ठेवावं लागतं. आतल्या माणसांना हीटर हवा असेल तरी इंजिन चालू. म्हणजे "सिग्नलला इंजिन बंद" हा जो मुख्य फायदा, तोच पहिली दहा मिनिटं गायब. घरापासून तीन किलोमीटरवर दुकान, आणि तिथपर्यंतच रोज गाडी जाते, अशा माणसाला हायब्रिड घेऊनही निम्मा वेळ साधी गाडीच चालवल्यासारखं. टोयोटाला हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. अमेरिकेतल्या दुसऱ्या पिढीत त्यांनी चक्क एक थर्मास बसवला होता. गाडी बंद केली की इंजिनातलं गरम कूलंट त्यात भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करताना परत फिरवायचं. शिवाय एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावरून काढून विजेवर चालणारा केला, म्हणजे एसीसाठी इंजिन घरघरत ठेवायला नको. चाचणीत एसी बंदच असतो. तेव्हा ही सुधारणा स्टिकरवर दिसली नसती, पण चालवणाऱ्याच्या खिशाला जाणवली असती.

शेवटी डिसेंबर २००६ मध्ये ईपीएने नवी पद्धत जाहीर केली आणि २००८ च्या मॉडेलपासून ती लागू झाली. जुन्या दोन चाचण्यांच्या जोडीला आणखी तीन आल्या. एकात ८० मैलांपर्यंत वेग आणि दणदणीत ॲक्सिलरेशन. एकात ३५ अंश उन्हात एसी लावून. एकात उणे ७ अंशात गारठलेली गाडी. या नव्या हिशोबाने साधारण गाडीचा गावचा आकडा सरासरी १२ टक्क्यांनी आणि हायवेचा ८ टक्क्यांनी खाली येईल असा ईपीएचा अंदाज होता. प्रियसचा गावचा ६० वरून ४८ झाला, म्हणजे २० टक्के. एकत्र ५५ वरून ४६. गाडी तीच, कारखाना तोच, बदलला तो काचेवरचा कागद.

वर्तमानपत्रांनी बातमी केली ती अशी, की हायब्रिडला सगळ्यात मोठा फटका. आणि इथेच मला खरी गंमत सापडली.

आपण ॲव्हरेज मोजतो "लिटरला किती किलोमीटर" असं. पण खिशातून जातात ते लिटर, किलोमीटर नव्हेत. म्हणून उलटा हिशोब करून बघा, हजार किलोमीटरला किती लिटर लागतात. पहिल्या पिढीची अमेरिकन प्रियस जुन्या पद्धतीने ४८, नव्याने ४१. म्हणजे हजार किलोमीटरला जुन्या हिशोबाने ४९ लिटर, नव्याने ५७.४. दुसरी पिढी जुन्याने ५५, नव्याने ४६. म्हणजे ४२.८ लिटर आणि ५१.१ लिटर.

आता वजाबाकी करा. पहिल्या पिढीत फूटपट्टी बदलल्याने वाढले ८.४ लिटर, दुसरीत ८.३. जवळपास सारखेच! आणि दोन पिढ्यांमधला फरक? जुन्या पट्टीने ६.२ लिटर, नव्या पट्टीनेही ६.३. तोही तोच!

हे पाहिलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो. म्हणजे जुनी पट्टी "दुसरी पिढी पहिलीपेक्षा किती चांगली" हे बरोबरच सांगत होती. तिचं चुकत होतं ते शून्य कुठे धरायचं यात. एसी, थंडी, वेग या सगळ्यांचा मिळून हजार किलोमीटरला आठ-साडेआठ लिटरचा एक कर आहे, आणि तो जुन्या पट्टीने कोणाकडूनच घेतला नव्हता. हा कर बराचसा दरडोई आहे, टक्केवारीचा नाही. केबिन थंड करायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी लागतेच, मग गाडी हायब्रिड असो की साधी. सगळाच कर असा नाही. वेगाचा भाग गाडीच्या आकारावर आणि वजनावर जातो. पण ढोबळ हिशोब हा.

आता हजार किलोमीटरला १०० लिटर पिणाऱ्या साध्या गाडीवर आठ लिटर वाढले तर ८ टक्के. ४३ लिटर पिणाऱ्या प्रियसवर तेच आठ वाढले तर जवळजवळ २० टक्के. ज्याचा खर्च मुळात कमी, त्याला तोच कर जास्त बोचतो. सगळ्यात मोठा "फटका" हायब्रिडला बसला तो ती खोटी होती म्हणून नव्हे, ती काटकसरी होती म्हणून. "हायब्रिड म्हणजे नुसती हवा" म्हणणाऱ्यांनी नेमकं गुणालाच दोष म्हटलं.

लिटर आणि किलोमीटर यांच्या या गोंधळावर २००८ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी 'सायन्स' मासिकात लेखही लिहिला होता. त्यांनी दाखवलं की माणसं "गॅलनला किती मैल" ऐकून बचतीचा अंदाज हमखास चुकवतात. १० वरून १२ झालेली गाडी २५ वरून ३० झालेल्या गाडीपेक्षा जास्त पेट्रोल वाचवते, आणि आपल्याला वाटतं उलटं.

आता हीच उलटी पट्टी घेऊन पाचही पिढ्या एकदाच मोजू. सगळे आकडे ईपीएच्या नव्या पद्धतीचे, हजार किलोमीटरला लिटर:

पहिली (अमेरिकेत २००१ ते २००३) - ५७.४
दुसरी (२००४ ते २००९) - ५१.१
तिसरी (२०१० ते २०१५) - ४७.०
चौथी (२०१६ ते २०२२) - ४५.२ (जास्त काटकसरी 'इको' मॉडेल ४२.०)
पाचवी (२०२३ पासून, सगळ्यात काटकसरी मॉडेल) - ४१.३

एकच पट्टी धरली की कोडं सुटलं. १९९७ चे २८ आणि २०२३ चे २८.६ यांची तुलनाच होत नाही. मधे जपाननेही २०११ च्या सुमारास १०-१५ मोड सोडून जेसी०८ ही कडक पद्धत घेतली आणि नंतर डब्ल्यूएलटीसी ही त्याहून कडक. एकाच तिसऱ्या पिढीच्या मॉडेलला जुन्या पद्धतीने ३८ मिळाले आणि जेसी०८ ने ३२.६. पंचवीस वर्षं गाडी एक पायरी चढत होती आणि जिना एक पायरी खाली सरकत होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की ही जागेवरच उभी आहे.

पण थांबा, अजून एक फूटपट्टी आहे. कन्झ्युमर रिपोर्ट्सची. ती रस्त्यावरची आणि स्वतंत्र. त्यांच्या मोजणीत पहिली पिढी ४०.६, दुसरी ४४, तिसरी पुन्हा ४४, चौथी ५२. हजार किलोमीटरच्या हिशोबात ५७.९, ५३.५, ५३.५, ४५.२. ईपीएच्या यादीशी ताडून बघा. पहिला आकडा जवळजवळ तोच. चौथा तर अगदी तोच. मधला प्रवास मात्र पूर्ण वेगळा! ईपीए म्हणतं दुसरीवरून तिसरीवर येताना चार लिटर वाचले आणि चौथीत फक्त दोन. मासिक म्हणतं तिसरीत काहीच वाचलं नाही आणि चौथीत एकदम आठ.

कोण खरं? माझ्या मते दोघंही. तिसऱ्या पिढीत टोयोटाने दीड लिटरचं इंजिन काढून १.८ लिटरचं घातलं. ॲव्हरेज वाढवायला मोठं इंजिन, हे ऐकायला उलटं वाटतं. पण हायवेला छोटं इंजिन फार फिरतं, मोठं निवांत फिरतं आणि कमी पितं. शिवाय पाण्याचा पंप विजेवर नेला, धुराची उष्णता वापरून कूलंट लवकर गरम करायची सोय केली. म्हणजे तिसरी पिढी ठराविक जागी चांगली झाली. तुमच्या चाचणीत त्या जागा किती येतात यावर फरक दिसणार. चौथ्या पिढीत पायाच बदलला. नवी चेसिस, कमी उंची, हवा कापणारा आकार, आणि इंजिनची औष्णिक कार्यक्षमता ४० टक्क्यांवर. ही सुधारणा सगळीकडेच लागू, म्हणून कुठेही मोजा, काही ना काही दिसतेच.

पाचव्या पिढीत अजून वेगळं घडलं. चौथ्या पिढीच्या गाडीत एकूण १२१ हॉर्सपॉवर होते. पाचवीत १९४. इंजिन दोन लिटरचं. म्हणजे अभियंत्यांनी जे कमावलं त्यातला मोठा हिस्सा वेगासाठी खर्च केला आणि तरीही लिटर कमी केले. ताकद १२१ वरच ठेवली असती तर आकडा आणखी खाली आला असता, हे उघड आहे. पण "प्रियस म्हणजे मरतुकडी" ही वीस वर्षांची टिंगल त्यांना संपवायची होती, आणि ती संपली.

आता आपल्या यादीकडे परत एकदा बघा. समजा प्रियसच्या आकाराची त्या काळची ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी लिटरला १२ देत होती. म्हणजे हजार किलोमीटरला ८३ लिटर. पहिल्या प्रियसने ते ५७ वर आणले, एका उडीत २६ लिटर. त्यानंतरच्या चार पिढ्यांनी मिळून, वीसेक वर्षांत, १६ लिटर. म्हणजे सगळ्यात मोठं काम पहिल्याच, बेंगरूळ, कोणी वळून न बघणाऱ्या प्रियसने केलं. व्हर्जन १.० ला आपण नेहमी हसतो, पण बहुतेक वेळा खरी उडी त्यातच असते. पुढचं सगळं घासून पुसून काढणं, आणि त्यालाही तेवढीच अक्कल लागते.

बरं, "खऱ्या रस्त्यावरचं" ॲव्हरेज मोजणंही वाटतं तेवढं सोपं नाही. त्याचे तीन किस्से सांगतो.

एक. अमेरिकेतल्या पहिल्या दोन पिढ्यांच्या पेट्रोल टाकीत आत एक लवचिक पिशवी होती, पेट्रोलच्या वाफा कमी व्हाव्यात म्हणून. थंडीत ती आखडायची, उन्हाळ्यात सैल व्हायची. म्हणजे "टाकी फुल" म्हणजे नक्की किती लिटर हे हवामानावर ठरणार. फुल-टू-फुल पद्धतीने एकाच टाकीवर ॲव्हरेज काढणाऱ्यांचे आकडे कधी वर, कधी खाली, आणि भांडणं मात्र दशांश चिन्हापर्यंत. तिसऱ्या पिढीत ती पिशवी गेली.

दोन. पहिल्या आणि तिसऱ्या पिढीच्या मधल्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक पंपांवर पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी, म्हणून अशा मिश्रणात साधारण ३ टक्के ऊर्जा कमी असते. म्हणजे नव्या गाड्या थोडं पातळ दूध पिऊन पळत होत्या. आपल्याकडे २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशभर पोचलं. तेव्हा पाच वर्षांपूर्वीच्या वहीशी आजचं ॲव्हरेज ताडताना हे लक्षात ठेवा.

तीन. २००५ च्या ऑगस्टमध्ये पिट्सबर्गमध्ये काही चालकांनी आळीपाळीने दुसऱ्या पिढीची प्रियस एका टाकीत १,३९७ मैल चालवली. गॅलनला १०९.३ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ४६ किमी! गाडी तीच, जी मासिकाने ४४ मैलांची ठरवली होती. वेग सावकाश, ब्रेक जवळपास नाहीच, सगळं लक्ष त्या पडद्यावरच्या आकड्याकडे. पहिल्या ते पाचव्या पिढीतला सगळा फरक मिळून जेवढे लिटर होतात, त्याच्या जवळपास दुप्पट फरक एका उजव्या पायाने पडला.

आणि हो, बॅटरी जुनी झाली की ॲव्हरेज कोसळेल अशी भीती सगळ्यांनाच होती. २०११ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्सने दोन लाख मैलांहून जास्त पळालेली, २००२ ची, मूळ बॅटरीवरची प्रियस मिळवली आणि आपल्या जुन्याच चाचण्या तिच्यावर केल्या. दहा वर्षांपूर्वी नव्या गाडीत ४०.६ मिळाले होते. या म्हातारीला मिळाले ४०.४. एका गाडीवरून सगळं ठरत नाही, मान्य. पण तेव्हाचे अंदाज बांधणारे मात्र गप्प झाले.

आता आपल्यासाठी याचा उपयोग काय? पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाखांद्यावर एआरएआय आहे. गाडीच्या पत्रकातलं "एआरएआय ॲव्हरेज" हा शब्द आपण तिच्याच नावाने वापरतो. तिथली चाचणी युरोपच्या जुन्या पद्धतीवर बेतलेली, कमाल वेग ९० ला अडवलेला, एसी बंद. म्हणजे सगळे गुण-दोष आपल्या ओळखीचेच. २०२२ मध्ये आलेल्या ग्रँड विटारा आणि हायरायडर या जुळ्या बहिणींच्या हायब्रिड मॉडेलचा आकडा होता २७.९७. तो वाचला की शोरूममध्ये डोळे विस्फारतात आणि सहा महिन्यांनी तोंड वाकडं होतं.

तर विस्फारायच्या आधीच हा हिशोब करा. २७.९७ म्हणजे हजार किलोमीटरला ३६ लिटर. त्यावर एसी-ट्रॅफिक-वेगाचा आपला कर नऊ लिटर धरा, झाले ४५. म्हणजे लिटरला २२. आता शेजारची साधी पेट्रोल, पत्रकात २० देणारी. हजाराला ५० लिटर, अधिक तेच नऊ, ५९. म्हणजे १७. हा अंदाज आहे, मोजमाप नाही. तुमचा पाय आणि तुमचा रस्ता त्यात नाही. पण एक गोष्ट पक्की दिसते. दोन्ही आकडे पत्रकापेक्षा खाली आले तरी दोघींमधले १४ लिटर तसेच राहिले. वर्षाला १० हजार किलोमीटर आणि पेट्रोल १०० रुपये धरलं तर वर्षाचे १४ हजार रुपये. हायब्रिडसाठी जास्तीचे लाख-दोन-तीन मोजायचे की नाहीत, हे या १४ हजारांशी ताडून ठरवा. २७.९७ शी ताडून नव्हे, आणि "अरे, मला तर बावीसच मिळतंय" या रडगाण्याशीही नव्हे.

तुमचं रनिंग वर्षाला ३० हजार असेल तर गणित वेगळं, पाच हजार असेल तर आणखीच वेगळं. वही ठेवा, किमान एक वर्ष तरी, उन्हाळा-पावसाळा-हिवाळा सगळे त्यात येऊ देत. आणि "किती देते?" विचारलं की एकदा "हजाराला किती पिते" ते सांगून बघा. समोरचा थोडा गोंधळेल. गोंधळू दे. :-)